साहेब नेमकं काय म्हणाले होते

तीर्थरूप दादास,

धाकट्या मामेभावाचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे जितकं वाकता येतं तितकं. कंबर गेल्या महिन्यापासून संपावर आहे.) तुझी तब्येत कशी आहे, वहिनींचा गुडघा काय म्हणतो, आत्या अजूनही प्रत्येकाला जेवलास का म्हणून दोनदा विचारते का, हे सगळं सविस्तर कळव. आमच्याकडे सर्व ठीक आहे. सर्व ठीक असतं तर मी पत्र लिहायला बसलो नसतो हे तू ओळखशीलच, पण सुरुवातीला तसं लिहितात म्हणून लिहिलं.

इतर नातेवाइकांना मी फोन करतो, तुला पत्र लिहितो. चौथ्या वर्षी तापात तुला ऐकू येईनासं झालं, त्यामुळे सगळ्या घराण्यात हा मान तुझ्या एकट्याचा. मोबाइलवर चार ओळी पाठवता येतात हे खरं, पण चार ओळींत माझं काही मावत नाही. फक्त एक विनंती आहे. मागचं पत्र तू तांबड्या शाईने तपासून परत पाठवलंस, सतरा चुका काढून. तू छापखान्यात मुद्रितं तपासतोस, तुझा हात शिवशिवत असणार, हे मी समजू शकतो. पण या पत्रात व्याकरणाकडे जरा कानाडोळा कर, कारण माझा पार गोंधळ उडाला आहे आणि तो व्याकरणापासूनच सुरू झाला.

आमचा लोखंडी कपाटांचा कारखाना तुला माहीत आहे. (तुझ्या माजघरातलं करडं कपाट, ज्याचं खालचं दार गुडघ्याने दाबल्याशिवाय लागत नाही, ते आमचंच.) वीस वर्षं मी पत्रा दाबायच्या यंत्रांच्या शेडमध्ये मुकादम होतो. गेली सहा वर्षं बढती मिळून ऑफिसात बसतो आणि कामगारांच्या रजा, गणवेश, पिण्याचं पाणी आणि ज्यांना कोणी वाली नाही अशी सगळी कामं बघतो. महिन्यापूर्वी मोठ्या साहेबांचा वरच्या मजल्यावरून फोन आला. साहेबांचा अर्धा शब्द मिशीत अडकतो, उरलेला अर्धा फोनमध्ये. त्यांचं म्हणणं मला समजलं ते असं, की कारखान्यातल्या तीन अपंग सहकाऱ्यांना भेटायचं, त्यांच्या रोजच्या कामातल्या तक्रारी विचारायच्या, प्रत्येकी दोन-तीन मुद्दे लिहून काढायचे आणि महिनाअखेरीस सगळ्यांसमोर वाचून दाखवायचे. मी म्हटलं, हो साहेब.

इथेच एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुझी माझ्यासारखी तारांबळ उडणार नाही. साहेब तक्रार म्हणालेच नव्हते. ते सत्कार म्हणाले होते. रोजच्या कामात ही माणसं जे करतात त्याची कोणी दखल घेत नाही, तर आपण घ्यावी, त्यांचा सत्कार करावा, असा त्यांचा चांगला विचार होता. सत्कार पुल्लिंगी, तक्रार स्त्रीलिंगी, क्रियापदाचा शेवटसुद्धा वेगळा, एवढ्यावरून तरी कळायला हवं होतं, असं तू म्हणशील. पण त्या वेळी माझ्या डोक्यावर पंखा फिरत होता. जुना पंखा आहे, फार वाजतो. सगळा दोष त्या पंख्याचा आहे, हे मी साहेबांना लेखी कळवलं आहे.

पहिल्या दिवशी मी फोनवाल्या बाईंकडे गेलो. कारखान्यात येणारा प्रत्येक फोन त्यांच्याकडून जातो. त्यांना जन्मापासून दिसत नाही. मी दारात पाय ठेवला तोच त्या म्हणाल्या, "या भाऊसाहेब, चप्पल दुरुस्त केलीत वाटतं." मी थक्क झालो. यांना केवढी दैवी शक्ती आहे असं काहीतरी मी बोलून गेलो, त्यावर त्यांनी मान हलवली. दैवी वगैरे काही नाही, तुमची चप्पल वर्षभर करकर वाजत होती, सगळ्या इमारतीला माहीत होतं, असं त्यांचं म्हणणं. (मला एकट्यालाच कसं माहीत नव्हतं कोण जाणे.) मग मी वही उघडली आणि म्हटलं, बाई, तुमच्या तक्रारी सांगा. "खरंच विचारताय?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, वरून आदेश आहे. तेव्हा त्यांनी कानावरचं फोनचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं, खुर्ची माझ्याकडे वळवली आणि जे सुरू केलं ते चहा गार होईपर्यंत थांबल्या नाहीत.

त्यांची पहिली तक्रार अशी, की लोक जवळ येऊन म्हणतात, ओळखलं का मी कोण? दिवसातून सहा-सात जण म्हणतात. चांगली शिकलेली माणसं. चाळीस वर्षांच्या बाईची रोज तोंडी परीक्षा. (मी खाली मान घातली. दोन वर्षांपूर्वी मीही घेतली होती, आणि आवाज बदलून घेतली होती.) दुसरी अशी, की मागल्या वर्षी सगळ्या खात्यांचे अंतर्गत नंबर बदलले, तेव्हा नव्या नंबरांचा कागद त्यांच्या खोलीच्या भिंतीवर चिकटवून माणूस निघून गेला. त्यांनी मग प्रत्येक खात्याला फोन लावून, चुकत चुकत, दोन दिवसांत दोनशे नंबर पाठ केले. त्या दोन दिवसांत एकही फोन भलतीकडे गेला नाही असं म्हणता येणार नाही, असं त्या अगदी प्रामाणिकपणे म्हणाल्या. मी लिहिलं: तक्रार दोन, कागद भिंतीवर.

दुसऱ्या दिवशी कुलूपमास्तर. कपाटांना कुलपं बसवायचं काम त्यांचं. डावा हात जन्मापासून कोपरापर्यंतच. कुलूप ते छातीशी धरतात, स्क्रू ओठात, पेचकस उजव्या हातात, आणि तू डोळे मिटून उघडेपर्यंत दाराला कुलूप. मी तक्रार विचारली तर ते म्हणाले, "चला, दाखवतो," आणि मला थेट मोरीकडे घेऊन गेले. तिथे गेल्या वर्षी पाणी वाचवायला नवे नळ बसवले आहेत, दाबून धरला की चालतो, सोडला की बंद. मास्तरांनी विचारलं, "भाऊसाहेब, एका हाताने नळ दाबायचा, मग त्याच हाताने तोच हात कसा धुवायचा?" दादा, ते नळ मीच मागवले होते. मी तीन नमुने पाहून हा पसंत केला होता. मी म्हटलं, काहीतरी युक्ती असेल. मास्तर म्हणाले, युक्ती आहे, मी कपाळाने दाबतो, पण साहेब लोक बाजूला उभे असले की बरं दिसत नाही.

मला वाटलं, तक्रार लिहायची तर तिची खातरजमा करावी. मास्तर कामाला गेल्यावर मी डावा हात पाठीमागे धरला आणि कपाळ नळावर टेकवलं. पहिल्यांदा चष्मा पडला. दुसऱ्यांदा पाणी बाहीत शिरून कोपरातून बाहेर आलं. तिसऱ्यांदा मी पोटापर्यंत भिजलेलो, एक हात पाठीमागे आणि डोकं नळावर, असा असताना मोठे साहेब हात धुवायला आले. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, मुलं किती सांगितलीत? असा प्रश्न या वेळी का, हे मला कळेना, पण साहेबांनी विचारलंय म्हटल्यावर मी सांगितलं, दोन आहेत, दोघांचीही लग्नं झाली. साहेब हात न धुताच गेले. (ते फुलं म्हणाले होते. समारंभासाठी फुलं किती सांगितलीत. त्यामुळे समारंभाला एकही फूल आलं नाही.)

तिसरी आमची इंजिनीअरीण. कपाटांचे आराखडे काढते, सव्वीस वर्षांची, जिभेला धार आणि चाकांची खुर्ची. तिने माझ्या हातातली वही घेतली आणि स्वतःच लिहून दिलं. पहिलं वाक्य असं होतं: मी माझ्या खुर्चीत बसलेली असते, माझी खुर्ची म्हणजे ट्रॉली नव्हे. लोक न विचारता मागून येतात आणि तिला हलवतात. एकदा म्हणे ती एका माणसाशी बोलत होती, वाक्य पूर्ण व्हायच्या आत तिला कोणीतरी सात-आठ हात पलीकडे नेऊन ठेवलं, आणि तो माणूस मोकळ्या जागेशी बोलत राहिला. दुसरं, दरवर्षी सगळ्यांचा फोटो इमारतीच्या पायऱ्यांवर काढतात. चार वर्षांच्या चार फोटोंत ती नाही. तिला म्हणतात, तू खाली बाजूला थांब, तुझा वेगळा काढू. वेगळे काढलेले चार फोटो तिच्याकडे आहेत, त्यात ती आहे आणि एक कुंडी आहे.

या तिघांना खरा कार्यक्रम काय आहे हे माहीत होतं का, असा प्रश्न तुला पडेल. होतं. सूचनाफलकावर कागद लागला होता. (मी सूचनाफलक वाचत नाही, कारण त्यावरचे बहुतेक कागद मीच लावतो. हा एक साहेबांच्या चिटणीसबाईंनी लावला.) मग त्यांनी मला सांगितलं का नाही? हे मी नंतर विचारलं तेव्हा मास्तर म्हणाले, सत्कार करणारे बरेच भेटतात भाऊसाहेब, तक्रार विचारणारं कोणी भेटलं नव्हतं, म्हटलं कशाला मोडता घालायचा.

समारंभाच्या दिवशी सकाळी फोटो काढणारा माणूस आला आणि मला म्हणाला, काय काय घ्यायचं? तक्रारींचा पुरावा हवाच, हे मला पटलं. साहेब किती बारकाईने विचार करतात याचं कौतुक वाटलं. मी त्याला मोरीत नेऊन नळाचे तीन बाजूंनी फोटो घ्यायला लावले, फोनवाल्या बाईंच्या भिंतीवरचा कागद, इमारतीच्या पायऱ्या, ती कुंडी, सगळं घेतलं. तो बिचारा विचारत होता, माणसं कुठे आहेत?

मग माल भरायच्या शेडमध्ये सगळे जमले. दीडशे खुर्च्या, लाकडी मंच, मंचाला तीन पायऱ्या. मागे कापडी फलक होता, त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, रोजच्या कर्तृत्वाचा सन्मान. तो वाचून माझ्या मनात पाल चुकचुकली, पण मी ठरवलं की आधी सन्मान असेल आणि मग तक्रारी, म्हणजे सगळं सौम्य होईल. साहेब बोलले, पाहुण्या म्हणून आलेल्या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका बोलल्या. मी मोठ्या आवाजाच्या कर्ण्याखाली बसलो होतो, त्यामुळे मला नुसता घूं असा आवाज येत होता. (कर्णाही जुना आहे.) मग साहेबांनी माझ्याकडे हात केला. आता आमचे भाऊसाहेब तिघांचं रोजचं कर्तृत्व वाचून दाखवतील, असं ते म्हणाले, हे मला नंतर कळलं. मी माईक घेतला, घसा साफ केला आणि वाचलं, "तक्रार क्रमांक एक. लोक विचारतात, ओळखलं का मी कोण."

शेडमध्ये इतकी शांतता झाली की मला वाटलं, माझं वाचन रंगतंय. मी पुढे गेलो. कागद भिंतीवर. नळ कपाळाने दाबावा लागतो, आणि हे नळ मागवणारा माणूस मी स्वतः आहे, असंही मी वाचलं, कारण वहीत तसंच लिहिलं होतं. साहेबांनी माझी बाही ओढली. मला वाटलं, जरा मोठ्याने वाचा म्हणतायत. मी मोठ्याने वाचलं. खुर्ची म्हणजे ट्रॉली नव्हे. इथे पहिल्या रांगेतून फोनवाल्या बाई हसल्या. आधी एकट्या, मोकळ्या गळ्याने. मग कुलूपमास्तरांनी पुढच्या खुर्चीच्या पाठीवर थापा मारायला सुरुवात केली, आणि मागून शेडची सगळी मंडळी टाळ्या वाजवू लागली. शेवटच्या मुद्द्यापाशी मी अडलो, कारण वाचता वाचता माझी नजर वर गेली. इंजिनीअरीण मंचाच्या खाली होती. सत्कार तिचा, मंच तिच्यासाठी घातलेला, आणि त्याला तीन पायऱ्या. मी वहीत नसलेलं वाक्य बोललो, "तक्रार क्रमांक नऊ, हा मंच." आणि मग मला पहिल्यांदा त्या फलकावरचं नीट कळलं, आणि मी वही मिटली.

मुख्याध्यापिकाबाईंनी सावरलं. त्या म्हणाल्या, गेल्या वीस वर्षांत मी पुष्कळ सत्कारांना गेले, पण सत्कारमूर्तींना काय सोसावं लागतं आणि त्यावर मात करून ते रोज काय करतात, हे इतक्या धिटाईने कोणी मांडलेलं ऐकलं नव्हतं, ही कल्पना ज्यांची त्यांचं अभिनंदन. सगळे साहेबांकडे बघू लागले. साहेबांनी मिशीवरून हात फिरवला आणि अभिनंदन स्वीकारलं. मग बाई स्वतः मंचावरून खाली उतरल्या, मागोमाग साहेब आणि मीही खाली आलो, आणि प्रशस्तिपत्रं जमिनीवर उभं राहून दिली गेली. फुलं नव्हतीच.

आता माझा गोंधळ असा आहे की मी चूक केली की बरोबर, हे मला कोणी सांगत नाही. साहेब दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाले की पुढच्या वर्षीही तुम्हीच बघा. चौथ्या दिवशी मोरीत कोपराने उघडणारा नळ आला. मास्तरांनी तो उघडून दाखवला आणि हात धुऊन माझ्याच रुमालाला पुसला. भिंतीवरचा कागद कोणी काढला नाही, पण आता त्याच्या शेजारी नंबर बदलले की बाईंना प्रत्यक्ष सांगावे असा दुसरा कागद लावला आहे. कारखान्याच्या पत्रिकेत समारंभाचे फोटो आले. त्यात नळ तीन बाजूंनी आहे, कुंडी आहे आणि साहेब अर्धे आहेत. असो. बाकी सर्व ठीक. आत्याला नमस्कार, वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझा
धाकटा

ता. क. पंख्याचं मी वर जे लिहिलं आहे ते खोडायचं राहिलं. समारंभ संपल्यावर फोनवाल्या बाई माझ्यापाशी थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊसाहेब, कान दाखवून घ्या." मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, हेच ते, ज्यांना ऐकू आलेलं नसतं त्यांचा हो जरा लांबतो, तुमचा दीड वर्षापासून लांबतोय, म्हणून तुमचे बाहेरून येणारे फोन मी आधी स्वतः ऐकते आणि तुम्हाला थोडक्यात सांगते. त्यांच्या कर्तृत्वात ही ओळ कुठेच नव्हती, आणि तीही त्यांनी कुणाला सांगितलेली नाही. मी गुपचूप डॉक्टरकडे जाऊन आलो. दोन्ही कान. यंत्रांच्या शेडमधली वीस वर्षं. कानात घालायचं मशीन मिळेल, पण सगळं परत येणार नाही म्हणाले.

ता. क. २. म्हणून खरं काम असं आहे की तू आठ दिवस इकडे ये. समोरच्याच्या ओठांवरून ओळखायचं तू कसं करतोस ते मला शिकव. मी आरशासमोर प्रयत्न केला. फुलं आणि मुलं म्हणताना तोंड जवळजवळ सारखंच होतं. मग तू पन्नास वर्षं कसं निभावलंस? हिला मात्र यातलं काही कळू देऊ नकोस, कपाटाचं दार दाखवायला आलोय असं सांग.

ता. क. ३. हिने पत्र पाकिटात घालायला घेतलं आणि उभ्या उभ्या सगळं वाचलं. तिला दोन वर्षांपासून माहीत आहे. ती म्हणाली, मी स्वयंपाकघरातून तुमच्याशी बोलणं कधीच सोडलंय, दारात येऊन बोलते, तुमच्या लक्षात आलं नाही का? नव्हतं आलं. तेव्हा दाराचं निमित्त नको, सरळ ये.

ता. क. ४. परवा जेवताना मुलगा काहीतरी बोलला आणि सगळे हसले. मी विचारलं, काय झालं? सून म्हणाली, काही नाही बाबा, नंतर सांगते. दादा, हे वाक्य मी ओळखतो, कारण तुला ते मीच सगळ्यात जास्त वेळा म्हटलेलं आहे. तुझ्या लग्नात जेवताना आम्ही अकरा जण पोट धरून हसत होतो आणि तू मला विचारलंस, काय झालं. मी म्हटलं, नंतर सांगतो. त्याला एकतीस वर्षं झाली, तर सांगतो. तुझे सासरे हौसेने स्वतः जग घेऊन सगळ्यांना पाणी देत होते. माझ्या बाबांनी त्यांना वाढपी समजून, जरा हात चालव, असा दम दिला, आणि सासरे हो साहेब म्हणून खरंच धावत सुटले. एवढंच होतं. लिहून काढल्यावर त्यात हसण्यासारखं फार काही दिसत नाही. पण तेव्हा तू आमच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहिलंस, आणि कशाला हसायचं ते माहीत नसताना आमच्याबरोबर हसलास, चांगला मोठ्याने. परवा मीही तसाच हसलो.